चालत आलेला पेशंट आणि सहा तास

गेल्या वर्षी आमच्या काकांची अँजिओग्राफी झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘घरी नेऊ नका, बायपास आजच करू.’ काकू म्हणाली, ‘अहो, पण चालत आलेत ते!’ ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. चालत आलेल्या माणसाची छाती त्याच दिवशी उघडायची, हे धाडस आलं कुठून?

एका चुकीतून. 1958, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. डॉ. मेसन सोन्स यांना महाधमनीत डाय सोडायचा होता, पण नळी नकळत उजव्या कोरोनरीत शिरली. पेशंटचं हृदय थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला लावलं आणि ठोके परत आले! त्या धमनीत थेट डाय गेला तर माणूस दगावणार, अशी तोवर समजूत होती. आता ब्लॉक नेमका कुठे आहे ते दिसायला लागलं. मला विचाराल तर बायपासचं मूळ सुरीत नाही, या फिल्ममध्ये आहे.

तिथेच 1962 मध्ये रेने फावालोरो आले. अर्जेंटिनातल्या एका खेड्यात 12 वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस. सोन्सच्या फिल्म तासन् तास बघायचे. मे 1967 मध्ये त्यांनी पायाची शीर हृदयाला लावली. आधी मधला तुकडा बदलून, मग थेट महाधमनीपासून. (ह्यूस्टनला 1964 मध्येच असा बायपास झाला होता, तोही ऐनवेळी, ठरलेलं ऑपरेशन जमेना म्हणून. पण ते छापून आलं 1973 मध्ये!)

ठरवून केलेलं ऑपरेशन वेगळं आणि ऐन झटक्यात केलेलं वेगळं. धमनी बंद पडली तरी स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेर मरत जातो. पहिल्या सहा तासांत रक्त पोचवलं तर बराचसा वाचतो, हा फावालोरोंचा मुद्दा. झटका येऊ घातलेल्या आणि आलेल्या पेशंटवरची ऑपरेशनं त्यांनी 1971 मध्ये मांडली.

1977 मध्ये झुरिकला ग्रुंट्झिग यांनी फुग्याने धमनी उघडली. आज झटक्यात बहुधा तोच रस्ता धरतात. काकांचा ब्लॉक मात्र डाव्या मुख्य धमनीत, तोही फुग्याला न जुमानणारा. काकूने सही केली.

आता काकांच्या पायावरचा व्रण ती आल्यागेल्याला दाखवते. काका पाय आखडून घेतात.