मालाची पेठ आणि वाराचा बाजार

बंगळूरला बदली होऊन आलेला मराठी माणूस इतिहास शोधावयास निघाला, की तो प्रथम शहाजीराजांकडे वळतो. ते स्वाभाविकच आहे. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर आलेल्या राजांनी हे शहर तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतले, पुढे ते त्यांच्या जहागिरीचे ठिकाण झाले, आणि १६८७ पर्यंत म्हणजे जवळजवळ अर्धे शतक भोसल्यांचा अंमल येथे राहिला. त्या काळाची खूण म्हणून कोणी चिक्कपेटेत गौरीमहालाची जागा विचारीत हिंडतो, आणि कापडाच्या दुकानांखेरीज काहीच दृष्टीस न पडल्यामुळे खट्टू होऊन परत येतो. खट्टू होण्याचे कारण नाही, असे आम्हांला वाटते. ती कापडाची दुकाने हीच या शहराच्या इतिहासाची अधिक जुनी आणि अधिक चिवट बाजू होय.

पहिल्या केंपेगौडाने १५३७ साली हे गाव वसविले ते मुळी बाजार म्हणून. नांगराला बैल जुंपून एका चौकातून चार दिशांना सोडले आणि ते जेथे थांबले तेथवर रस्ते आखले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पेठांची नावे खोटे बोलत नाहीत. अक्कीपेटेत तांदूळ, रागीपेटेत नाचणी, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या, कुंबारपेटेत कुंभार, गाणिगरपेटेत तेली. पुण्याच्या माणसाला येथे एक मौज दिसेल. आपल्याकडे सोमवारापासून रविवारापर्यंत साऱ्या वारांनी पेठा वाटून घेतल्या आहेत. बंगळुरात पेठेचे नाव सांगताच तेथे काय मिळत होते ते कळते. पुणेकराला वार ठाऊक, माल विचारावा लागतो. बंगळूरकराला माल ठाऊक, वार विचारण्याचे कारणच पडत नाही. कारण पेठ रोज उघडी असते.

वार लागतो तो संतेला. संते म्हणजे आपला आठवड्याचा बाजार. रोज दुकान मांडून बसावे एवढे गिऱ्हाईक एका गावात मिळत नाही, म्हणून विकणाऱ्याने आज या गावी, उद्या त्या गावी जायचे, आणि शेजारच्या गावांनी वार वाटून घ्यायचे, ही व्यवस्था दख्खनभर एकच आहे. कर्नाटकातील मध्ययुगीन शिलालेखांत संतेचे आणि तिच्यावरील सुंकाचे, म्हणजे जकातीचे, उल्लेख जागोजाग आढळतात. बाजारपेठेच्या प्रमुखाला ‘पट्टणस्वामी’ म्हणत. आपल्याकडे पेशवाईत नवी पेठ वसविताना शेटे-महाजनांना वतन देत आणि आरंभीची काही वर्षे जकात माफ करून कौल देत. त्या कौलाची आणि येथल्या शिलालेखांची भाषा निराळी असली तरी हिशेब एकच. आधी माणूस येऊ द्यावा, मग त्याच्याकडून घ्यावे. सरकारी वसुलीत हे शहाणपण नेहमीच दिसते असे नाही.

या दोन व्यवस्थांचा सांधा पाहावयाचा तर मल्लेश्वरम्‌सारखे ठिकाण नाही. आज ही वस्ती भर शहरात आली असली तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उपनगर म्हणून आखली गेली. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठेतली दाटीची घरे रिकामी केली आणि लोक मोकळ्या हवेसाठी बसवनगुडीत व मल्लेश्वरम्‌मध्ये राहावयास आले. पण त्याच्याही सव्वादोनशे वर्षे आधी येथे मल्लापूर नावाचे खेडे होते आणि रानात महादेवाचे देऊळ होते. ‘काडु’ म्हणजे रान. म्हणून देव काडु मल्लेश्वर. याच देवाला १६६९ साली शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे यांनी एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्या गावाचे नाव मेदरनिंगनहळ्ळी. बहुतेक मराठी वाचक एकोजींच्या नावापाशी थांबतात. आमचे लक्ष त्या गावाच्या नावाने वेधले. मेदर म्हणजे बुरूड. बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या विणणाऱ्यांचे नाव त्या गावाला चिकटले आहे. आणि बुरूड हा नेमका संतेचा माणूस: एका गावाला रोज किती टोपल्या लागणार? त्याने वारावारानेच फिरले पाहिजे. राजाने दिलेल्या इनामाचा दगड राहिला; बुरुडाच्या टोपलीचे मात्र काही राहात नाही. ती दोन वर्षांत झिजते आणि पुन्हा नवी घ्यावी लागते. मल्लेश्वरम्‌च्या आठव्या क्रॉसवर गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी आजही वाणाची सुपे मांडलेली दिसतात. तो व्यवहार दगडाहून कमी जुना मानावा असे आम्हांला वाटत नाही.

बाजाराला जागाच लागते असेही नाही, याचा एक नामी दाखला मराठ्यांच्याच इतिहासात आहे. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूर घेतले आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात त्याची फौज उपासमारीला आली, ओढीची जनावरे मेली, मोठ्या तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. त्या अवस्थेत मेलुकोट्याच्या बाजूस हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज येऊन मिळाली. इंग्रजांचे पोट भरले ते मराठी छावणीतल्या बाजारावर. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या विल्क्सने त्या बाजाराचे वर्णन मोठ्या रंगात येऊन केले आहे: विलायती बनातीपासून काश्मिरी शालीपर्यंत, हिऱ्यांपासून कोणा गरीब खेडुताच्या मुलीच्या कानातल्या चांदीच्या दागिन्यापर्यंत तेथे सारे विकावयास होते. तो शेवटचा दागिना कसा आला असेल हे सांगावयास नको. धान्याला भाव मात्र जबर पडला. ज्यांना लूट म्हणावे त्यांच्याच बाजारात शिस्तीची फौज पैसे मोजून धान्य घेत उभी होती.

१८०० साली, टिपूच्या पाडावानंतर वर्षभरात, फ्रान्सिस बुकानन बंगळुरास आला आणि विणकर, रंगारी, तेली यांच्या व्यवसायांची बारकाईने नोंद करून गेला. त्या रंगाऱ्या-शिंप्यांत घरी मराठी बोलणारेही होते. भावसार समाजाची वस्ती शहराच्या जुन्या भागात अजून आहे. १८०९ मध्ये इंग्रजांची लष्करी छावणी वसली आणि भाजीच्या बाजाराला नवे गिऱ्हाईक मिळाले. भाजी पिकवीत ते तिगळ. करगा उत्सव ज्यांचा, तेच हे माळी. त्यांच्या मळ्यांना पाणी मिळे ते तळ्यांचे. शहर वाढले तशी तळी आटली, बुजली. संपंगी तळ्यावर क्रीडागार झाले, धर्मांबुधी तळ्यावर बसस्थानक. मळा हटला की माळी लांब जातो, आणि मग संतेला येणाऱ्याची वाट एका रात्रीची होते.

पक्क्या इमारतीही झाल्या: १९२७ चे रसेल मार्केट, १९२८ चे कृष्णराजेंद्र मार्केट. १९५९ साली डॉ. मरिगौडा यांच्या पुढाकाराने द्राक्ष-बागाईतदारांची सहकारी संस्था निघाली. तीच आज ‘हॉपकॉम्स’ या नावाने गल्लोगल्ली परिचित आहे. तरी संते मेली नाही. तिने फक्त वार बदलला.

हा बदल आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुळात संतेचा वार गावागावांत विभागलेला असे. छावणी, कचेऱ्या, गिरण्या आणि मग स्वातंत्र्याच्या आगेमागे निघालेले मोठे सरकारी कारखाने, १९४० चे हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४८ चे टेलिफोनचे, १९५३ चे यंत्रांचे, १९५४ चे भारत इलेक्ट्रॉनिक्स, यांनी रविवारची सुटी आणि महिन्याचा पगार शहरभर पसरविला. पूर्वी खेड्यातला माणूस बाजार असेल त्या दिवशी काम टाकून जाई. आता गिऱ्हाइकाला सुटी असेल त्या दिवशी बाजार भरतो. जालहळ्ळीच्या कारखान्यांच्या वाटेवरील यशवंतपूरची संते भानुवारी म्हणजे रविवारी भरते, ती याच कारणाने जोर धरून राहिली असावी, असा आमचा तर्क आहे. (यशवंतपूर या नावावरून मराठी इतिहास काढण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरलेला बरा. तेथील बाजार समितीत महाराष्ट्राचा कांदा येत आला आहे, एवढे नाते पुरे.)

रविवारच्या या संतेत ‘नाटि’ हा शब्द सतत कानी पडतो. नाटि म्हणजे गावठी: नाटि कोथिंबीर, नाटि टोमॅटो. पालेभाजी ‘कट्टु’ने, म्हणजे जुडीने, फुलांची माळ ‘मोळ’ाने, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत हाताने मोजून. मोळ विकणारणीच्या हाताचा की घेणारणीच्या, यावर होणारा वाद ऐकण्यासारखा असतो. सब्बसिगे म्हणजे आपला शेपू, हे कळेपर्यंत नव्या मराठी गृहिणीचे दोन आठवडे जातात. थंडीत अवरेकाई येते. पावट्याची ही बहीण सोलून, भिजवून, वरचे साल चिमटीने काढून शिजवावयाची, आणि तिच्या वासाने सारा बाजार भरून जातो.

अलीकडे दुसऱ्याही प्रकारची संते निघाली आहे. बन्नेरघट्टा रस्त्यावर गोट्टिगेरेला ‘रागी कण’ येथे रविवारी हातमागाचे कापड, विषमुक्त भाजी, हस्तकलेच्या वस्तू मांडल्या जात. तिच्यामागे नाट्यदिग्दर्शक प्रसन्ना यांची चळवळ होती. २०१७ साली हाताने बनविलेल्या वस्तूंवर वस्तू व सेवा कर नसावा म्हणून त्यांनी सत्याग्रह व उपोषण केले. मागणी रास्त होती, असे आमचे मत आहे. यंत्र आणि हात यांना एकाच पत्रकात बसविणे सोयीचे असेल, न्यायाचे नाही. तरी अशा ठिकाणी एक गोष्ट खटकते. तीच बुरुडाची टोपली येथे पाटी लावून ठरल्या भावात सन्मानाने विकली जाते आणि यशवंतपूरच्या रस्त्यावर तिच्यासाठी घासाघीस होते. घासाघीस करणारे पुष्कळदा एकच असतात. चन्नपट्टणची लाखकाम केलेली खेळणी पाहून सावंतवाडीची आठवण काढावयाची आणि भाव मात्र प्लास्टिकचा सांगावयाचा, ही आपल्या मंडळींची खोड आम्ही जवळून पाहिली आहे.

रस्त्यावरच्या संतेपुढचे संकट याहून मोठे आहे. रस्ता रुंद होतो, उड्डाणपूल येतो, आणि बाजाराला उठावे लागते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ मान्य केला. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालू आहे तो वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे त्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे. तरतूद उत्तम. पण पन्नास वर्षे सिद्ध कशाने करावयाची? कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांना या प्रश्नाची धार चटकन जाणवेल. देवळाला शिलालेख आहे, मार्केटला कोनशिला आहे, सहकारी संस्थेला नोंदणी क्रमांक आहे. संतेला काय आहे? जेथे सुंक वसूल होते तेथे विक्रेत्याच्या हाती एक चिठ्ठी पडते, आणि संध्याकाळी ती देठा-पाल्याबरोबर झाडून जाते. शिलालेखांतील सुंक अभ्यासक डोळ्यांत तेल घालून वाचतात. आजच्या सुंकाचा कागद दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

आम्ही काही रविवार जुन्या विक्रेत्यांना एवढेच विचारीत फिरलो, की येथे कधीपासून बसता. साल कोणीच सांगत नाही. एकीने सासूच्या आधीपासून म्हटले. एकाने रेल्वेचे फाटक होते तेव्हापासून असे सांगितले. पालेभाजीवाल्या एका आजीने जुडीवर पाणी शिंपडीत उत्तर दिले, ‘केरे इद्दागिनिंद’: तळे होते तेव्हापासून. कोणते तळे, असे विचारल्यावर तिने मान न वळवता पाठीमागे हात केला. तिकडे चार मजली इमारतींची ओळ होती.