घ्यायचंय का?

माझ्या लहानपणी पुण्यात पुस्तकं नुसती 'बघायला' दुकानात जायची पद्धत नव्हती. वडिलांबरोबर अप्पा बळवंत चौकात जायचं, काउंटरशी उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं. मग पोऱ्या शिडीवर चढणार, वरच्या कप्प्यातून पुस्तक ओढणार आणि फडक्यानं धूळ झटकून समोर टाकणार. दोन पानं उलटली की गल्ल्यावरून प्रश्न येई, "घ्यायचंय का?" यात अपमान वगैरे कुणाला वाटत नसे. तूरडाळ तरी कोण चाळून बघतं? (ज्यांच्या नावाचा हा चौक, ते अप्पा बळवंत मेहेंदळे पेशवाईतले सरदार. आपल्या नावाखाली पुढे पिढ्यान्‌पिढ्या गाइडं विकली जाणार, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.)

1979 साली बँकेत लागले, शाखा मुंबईत, फोर्टात. पहिल्याच महिन्यात एका सहकारी बाईंनी मधल्या सुट्टीत पी. एम. रोडलगतच्या 'स्ट्रँड बुक स्टॉल'मध्ये नेलं. दुकान कसलं, दाटीवाटीची खोली. पण मी अर्धा तास एक पुस्तक उभ्यानं वाचलं आणि कुणी काही विचारलं नाही. शेवटी मीच ओशाळून ते जागेवर ठेवलं. तरीही कुणी काही बोललं नाही.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मालक टी. एन. शानभाग विद्यार्थी असताना एका दुकानात पुस्तक चाळत होते म्हणून त्यांना हटकलं गेलं होतं. तो सल त्यांनी धरून ठेवला आणि 1948 साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटासा स्टॉल टाकला. दुकानाचं नाव तिथलं. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून घेतलं असेल, असं मी उगाच समजत होते. पुढे फोर्टात आल्यावरही दोन गोष्टी कायम राहिल्या : पुस्तकाला कुणीही हात लावावा आणि किमतीत सूट सर्वांना. माझ्या त्या वेळच्या पगारात 20 टक्के म्हणजे काय, हे आज मुलीला सांगून पटत नाही. 2003 मध्ये शानभागांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाखेत आम्ही पेढे वाटले. नातं काहीच नव्हतं, गिऱ्हाइकाचं सोडून.

2016 मध्ये मुलीकडे लंडनला गेले, तेव्हा चेरिंग क्रॉस रोडवरचं 'फॉइल्स' पाहिलं. 1903 साली विल्यम आणि गिल्बर्ट हे फॉइलबंधू सरकारी नोकरीच्या परीक्षेत नापास झाले, उरलेली क्रमिक पुस्तकं विकायला काढली आणि त्यातून हा पसारा उभा राहिला. थेट अप्पा बळवंत चौकातली गोष्ट! पण विल्यमची मुलगी क्रिस्टिना हिच्या कारकिर्दीत तिथला कारभार जगावेगळा होता. पुस्तकं लेखकाप्रमाणे नाही, प्रकाशकाप्रमाणे लावलेली. एका रांगेत पुस्तकाची चिठ्ठी घ्यायची, दुसऱ्या रांगेत पैसे भरायचे, तिसऱ्या रांगेत पावती दाखवून पुस्तक ताब्यात घ्यायचं. कारण? नोकरांच्या हाती पैसा द्यायचा नाही. आमच्या बँकेतसुद्धा टोकन घेऊन दोनच ठिकाणी उभं राहावं लागे. 1999 मध्ये क्रिस्टिनाबाई गेल्या, मग रांगाही गेल्या. 2014 पासून दुकान शेजारच्या नव्या इमारतीत आहे. ऐसपैस, उजेडाचं, वर कॉफी. छानच आहे. पण मला वेडेपणा बघायचा होता, तो उरला नव्हता.

परत आले आणि दीड-दोन वर्षांत, फेब्रुवारी 2018 मध्ये, स्ट्रँड बंद होत असल्याची बातमी आली. शानभाग 2009 मध्येच गेले होते. निवृत्त झालेली मी लोकलनं फोर्टात गेले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पुस्तकं नावंही न बघता हातांवर रचत होते, बिलाची रांग कपाटांमधून वळत होती. मी सवयीनं एक पुस्तक उघडलं आणि पहिलं प्रकरण वाचू लागले. दुसऱ्या पानावर होते, तेव्हा मागून एका गिऱ्हाइकानं खांद्याला हात लावला.

"मावशी, घ्यायचंय का? नाहीतर मी घेतो."

घेतलं. बाकीचं प्रकरण चर्चगेटच्या फलाटावर वाचलं.