५०४ एमबीची वेस

आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच; सगळी भिस्त फ्लॉपीवर. १९८३च्या पीसी-एक्सटीत ती आली, १० एमबीची. तिच्यावरची माहिती ५१२ बाइटच्या सेक्टरांत असे आणि प्रत्येक सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांचा: सिलिंडर, हेड, सेक्टर. सीगेटच्या एसटी-४१२ डिस्कवर ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि दर ट्रॅकला १७ सेक्टर होते; गुणाकार केला की १० एमबी भरतात.

१९८४च्या पीसी-एटीत डिस्कच्या ठरावीक प्रकारांची यादीच बायॉसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या चिपवरच्या प्रोग्राममध्ये, कोरलेली होती. यादीत नसलेली डिस्क नीट ओळखली जाईना. पुढच्या मदरबोर्डांनी ‘प्रकार ४७’ दिला आणि डिस्कच्या लेबलवरचे तीन आकडे हाताने भरता येऊ लागले. ते बॅटरीच्या जोरावर टिकत. बॅटरी संपली की पीसी आपलीच डिस्क विसरे, म्हणून जाणते लोक हे आकडे कॅबिनेटवर लिहून ठेवत.

खरा घोळ पुढेच होता. बायॉसने सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट राखले होते. आयडीई जोडणीने अनुक्रमे १६, ४ आणि ८. बायॉसच्या हिशेबाने ८.४ जीबी मिळायला हवे होते, आयडीईच्या हिशेबाने सुमारे १३७. पण एकाचा हात जिथे सढळ तिथे दुसऱ्याचा आखडता. दोघांना चालतील असे आकडे उरले १०२४, १६ आणि ६३ (सेक्टरची मोजणी १पासून, म्हणून ६४ नाही). म्हणजे जेमतेम ५०४ एमबी. विक्रेते दशमान पद्धतीने त्यालाच ५२८ म्हणत. डिस्क मोठी असली तरी पलीकडची जागा वाया. मॅकिंटॉशला ही अडचण आली नाही. १९८६च्या मॅक प्लसपासून तिथे स्कझी जोडणी होती, आणि तीत सेक्टरांना सरळ एका ओळीत क्रमांक असत. मात्र स्कझी डिस्क महाग पडे.

पीसीवाल्यांनी पळवाट काढली: बायॉसने सिलिंडर निम्मे सांगायचे, हेड दुप्पट. बायॉस जुना असेल तर ऑनट्रॅकचा ‘डिस्क मॅनेजर’ हा प्रोग्राम डिस्कच्या सुरुवातीलाच बसवत. तशी डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली की बहुधा वाचताच येत नसे.

मग ८.४ जीबीची वेस आली. ती ओलांडल्यावर १९९९च्या सुमारास काही बायॉस ३३.८ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसताच गोठत. त्यासाठी डिस्कच्या मागे क्षमता कमी दाखवणारा जंपर असे. त्यानंतरची वेस १३७ जीबीची, सेक्टरच्या २८ बिटच्या क्रमांकाची. २००२च्या एटीए-६ने क्रमांक ४८ बिटांचा केला. त्याआधीच्या पीसीत १६० जीबीची डिस्क १३७च दाखवत असेल, तर ती बिघडलेली नाही.