शंभर अलार्म, एक व्हॉल्व्ह

माझी सगळी नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रासायनिक कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये गेली. शेजारीच तारापूरचं अणुवीज केंद्र. इन्स्ट्रुमेंटेशनच्या नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावायचो की, पॅनेलवरचा दिवा नेमका कशाला जोडलाय हे बघितल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका. अणुवीज केंद्रांतल्या ऑपरेटरला निर्णयात मदत करणारी संगणकप्रणाली आली, त्यामागेही असाच एक दिवा आहे.

२८ मार्च १९७९, पहाटे चार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीचे फीडवॉटर पंप बंद पडले. दाब चढला, रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि दाब उतरल्यावरही उघडाच राहिला. दिवा मात्र विझला, कारण तो फक्त ‘बंद हो’ हा आदेश गेल्याचं दाखवत होता. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे नाही. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. अलार्मची नोंद छापणारा प्रिंटर पुढे सुमारे अडीच तास मागे पडला. प्रेशरायझर म्हणजे दाब सांभाळणाऱ्या टाकीतली पातळी वाढतेय, म्हणजे पाणी जास्त झालं, असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाण्याची धार कमी केली. सव्वादोन तासांनी, नव्याने आलेल्या शिफ्ट सुपरवायझरच्या लक्षात गळती आली आणि त्या वाटेवरचा दुसरा व्हॉल्व्ह बंद झाला. तोवर उशीर झाला होता. गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला.

मला खरा धडा त्याच्या दीड वर्ष आधीच्या एका किरकोळ घटनेत दिसतो. २४ सप्टेंबर १९७७ ला ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात, थ्री माइल आयलंडची भट्टी बनवणाऱ्या कंपनीच्याच अणुभट्टीत असाच व्हॉल्व्ह अडकला होता. भट्टी जेमतेम ९ टक्के शक्तीवर चालत होती. ऑपरेटरांनी वीसेक मिनिटांत गळती ओळखली आणि नुकसान टळलं. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी धोक्याचं टिपणही लिहिलं, पण स्पष्ट सूचना इतर केंद्रांच्या ऑपरेटरांपर्यंत गेली नाही.

थ्री माइल आयलंडच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी, बेसिक या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. तरीही त्यांच्या आयोगाने बोट ठेवलं ते मुख्यतः माणसांवर, म्हणजे प्रशिक्षण, कार्यपद्धती आणि व्यवस्थापनावर. म्हणून पहिली मदत आली तीही माणसाच्या रूपात: प्रत्येक पाळीला एक तांत्रिक सल्लागार. मग अमेरिकी नियामकांनी सुरक्षेची मोजकी मापं एका जागी दाखवणारा पडदा सक्तीचा केला.

त्याहून मोठा बदल कार्यपद्धतीत झाला. पूर्वी ऑपरेटरने आधी ‘काय बिघडलं’ ते ओळखायचं आणि मग त्या बिघाडाचं पान उघडायचं. आता निदान होवो न होवो, आधी लक्षणं बघायची: साखळी प्रक्रिया थांबली का, गाभा थंड राहतोय का, उष्णता बाहेर जातेय का. वेस्टिंगहाउसच्या पद्धतीत अशा सहा गोष्टींना लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे रंग मिळाले. तापात वैद्य आधी नाडी बघतो, तसं हे. असे ठरीव प्रश्न संगणकाला उत्तम जमतात. नॉर्वेतल्या हाल्डेनला १९८३ पासून सिम्युलेटरवर खऱ्या ऑपरेटरांना बसवून असे पडदे तपासले गेले. फ्रान्सच्या शो केंद्रात १९९६ मध्ये पूर्ण संगणकीकृत कंट्रोल रूम कामाला लागली.

आपल्याकडच्या नरोरा अणुवीज केंद्राची आठवण इथे ठेवावीच लागते. ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या, सुमारे १७ तास वीज गेली. कंट्रोल रूम धुराने भरली. ऑपरेटरांना ती सोडावी लागली. काहीजण बॅटरीच्या उजेडात वर चढले आणि साखळी प्रक्रिया रोखणारं बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडून आले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्या रात्री पडद्यावरचा सल्ला वाचायला खोलीत कुणी नव्हतं. भट्टीची रचना ऑपरेटरांच्या डोक्यात पक्की होती, म्हणून निभावलं.

म्हणून नवी प्रणाली विकायला आलेल्याला माझा पहिला प्रश्न तिच्या रंगीत पडद्याबद्दल नसतो. दुसऱ्या कारखान्यात वीस मिनिटांत मिटलेली घटना तुमच्या प्रणालीत किती दिवसांनी येते आणि ती कोण लिहितं, हे मी विचारतो. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर खरेदीची फाइल मी पुढे सरकवत नाही.