दादांची चेतक

परवा वर्ध्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आता तुम्हीच या. हे आमचं कोणाचंच ऐकत नाहीत."

विषय अर्थातच दादांची स्कूटर. माझे थोरले बंधू पंचाऐंशीला टेकले आहेत आणि अजूनही बजाज चेतक तिरकी करून किक मारतात. दोन महिन्यांपूर्वी घराजवळच्या वळणावर शाळेतून येणाऱ्या एका मुलीच्या सायकलला त्यांचा धक्का लागला. गुडघा खरचटण्यावर निभावले. दादा घरी येऊन काहीच बोलले नाहीत. मुलीच्या आईकडून वहिनींना कळले.

मग पुतण्याने शक्कल लढवली. गाडीचा प्लग काढून ठेवला. चाळीस वर्षे गाडी हाताळलेला माणूस तो! दोन मिनिटांत दोष ओळखला, डिकीतला जादा प्लग लावला आणि बाजार करून आले. वर आठ दिवस मुलाशी अबोला.

हिंगणघाटहून एसटीने जाताना विचार करत होतो, एका जुन्या गाडीत माणसाचा एवढा जीव का अडकावा? मला वाटते, याचे उत्तर आमच्या पिढीच्या इतिहासात आहे.

आमच्या लहानपणी बाहेरगावी जायचे म्हणजे रेंगी नाहीतर दमणी. पुढे सायकल आली. स्कूटर ही फार पुढची गोष्ट. पण स्कूटरशी वर्ध्याचे नाते जुने आहे. जमनालाल बजाज ज्यांच्या घरी दत्तक आले ते वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाले, आणि त्याचीच पुढे बजाज ऑटो झाली. (जमनालालजी ते पाहायला नव्हते, ते १९४२ सालीच गेले.) १९४८ पासून ही कंपनी इटलीची व्हेस्पा आयात करू लागली, १९६० नंतर गाड्या इथेच बनू लागल्या आणि १९७२ मध्ये चेतक आली.

आली, पण मिळते कुठे! किती गाड्या बनवायच्या हे त्या काळी सरकारी परवाना ठरवी. मागणी अफाट आणि गाड्या मोजक्या. नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. दादांनी १९७५ साली, मुलगा झाला तेव्हा नंबर लावला. मुलगा तिसरीत गेला तेव्हा गाडी दारात आली. आजच्या मुलांना हे खोटे वाटेल. जी वस्तू आठ वर्षे वाट पाहून मिळाली, ती "द्या आता चावी" म्हटल्याबरोबर कोण देईल?

बरे, कायद्याचा आधार घ्यावा तर तोही अर्धाच. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. गाडी चालवायला किमान वय आहे, कमाल वय मात्र नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्यांना परवाना पाच-पाच वर्षांसाठी मिळतो आणि सोबत डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. दादांच्या परवान्याची अजून तीन वर्षे बाकी आहेत. म्हणजे कागदाने ते पक्के चालक! तीन वर्षांत डोळ्यांचे काय होते ते कागदाला कळत नाही. ते घरच्यांनीच पाहायचे.

जपानमधली गोष्ट मला इथे आठवते. तिथे १९९८ पासून परवाना स्वतःहून परत करण्याची सोय आहे. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोत एका ८७ वर्षांच्या गृहस्थाची मोटार लोकांवर गेली, एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी दगावली. त्या वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी परवाने परत केले. पण मला आवडली ती दुसरी गोष्ट. परवाना परत करणाऱ्याला मागितल्यास 'याने इतकी वर्षे गाडी चालवली' अशा अर्थाचे प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवले की अनेक ठिकाणी बस, टॅक्सीला सवलत मिळते. हातातले काढून घेतात, पण माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

हे डोक्यात ठेवूनच मी दादांपुढे बसलो.

"काऊन रे, तुले तिनंच पाठवलं ना?" त्यांनी विचारले.

मी अपघाताचे नावच काढले नाही. म्हटले, "दादा, गाडी आली तो दिवस आठवते का?"

मग काय, तासभर बोलत होते. गाडीला घातलेला हार, आईने उतरवलेली दृष्ट, आजारातून उठलेल्या आईला सेवाग्रामच्या दवाखान्यातून मागे बसवून घरी आणले तो दिवस. मी नुसता ऐकत होतो. बोलता बोलता थांबले. जरा वेळाने खाली पाहत म्हणाले, "ते पोरगी मले दिसलीच नाही रे. आवाज झाल्यावर समजलं."

हे त्यांनी दोन महिने मनात ठेवले होते. आम्ही मात्र त्यांना काहीच कळत नाही असे धरून प्लग लपवत बसलो.

खरी भीती निराळीच निघाली. "उद्यापासून प्रत्येक कामाले कोणाच्या तोंडाकडे पाहू?" पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून फुकट आहे, पण घरापासून स्टँडपर्यंत कोण नेणार? याचे उत्तर तयार न ठेवताच आम्ही चावी मागत होतो. मग बसून ठरवले. ओळखीच्या ऑटोवाल्याला मंगळवार-शुक्रवार बांधून घेतले, पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच द्यायचे. म्हणजे दादांना कोणाला विचारायला नको. रविवारचा बाजार पुतण्याबरोबर, चेतकवरच.

चावी दादांनी स्वतः मुलाच्या हातात दिली. आता ते मागे बसतात. वहिनी सांगतात, मागून "क्लच हळू सोड" हे चालूच असते.

असो. तुमच्या घरीही असे कोणी दादा, काका, मामा असतील. चावी लपवू नका. आधी त्यांच्या गाडीची गोष्ट ऐका, आणि उद्या त्यांना कोण नेणार ते ठरवून मगच विषय काढा. आणि हो, मीही शहात्तरचा आहे. माझी मोपेड अजून अंगणात उभी आहे. हे लिहिताना माझी नजर दोनदा तिच्याकडे गेली.