माथा आणि वाघीण

आजोबा म्हणत, ‘‘काल रात्री चार वाघिणी रिकाम्या केल्या.’’ लहानपणी मला ते शिकारी वाटत. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा, ‘वॅगन’ या शब्दाचे मराठी रूप, हे पुष्कळ उशिरा कळले. पाटण तालुक्यातून मुंबईला आलेले आजोबा एका मालधक्क्यावर सिमेंट उतरवणाऱ्या टोळीत होते. त्यांच्या ट्रंकेत माथाडी मंडळाचे ओळखपत्र सापडले. त्यावर टोळीचा क्रमांक होता. माझा शोध तिथून सुरू झाला.

मुंबईच्या बांधकामाचा इतिहास वास्तुविशारद, बिल्डर आणि भूखंड यांच्याभोवती फिरतो. सिमेंट शहरात उतरले कसे, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. खडीला पावसाची भीती नसते. ती उघड्या वाघिणीतून आणून तळाची दारे उघडली की खाली पडते. सिमेंटला ओल चालत नाही. म्हणून ते गोणीत, आणि गोणी बंद वाघिणीत. वर छप्पर, त्यामुळे क्रेन निरुपयोगी. बाजूच्या दारातून माणसानेच आत शिरायचे. गोणीवर ‘हूक लावू नका’ असे छापलेले, कारण आकडीने गोणी फाटते. मग उरतो तो माथा.

ऐंशीच्या दशकापासून चारचाकी वाघिणींच्या जागी मोठ्या आठचाकी वाघिणी येऊ लागल्या. अशा चाळीसेक वाघिणींची एक गाडी म्हणजे सुमारे २,५०० टन सिमेंट, म्हणजेच ५०,००० गोण्या. शंभर माणसे लागली असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० गोण्या, २५ टन. ठरल्या वेळेत गाडी रिकामी झाली नाही तर रेल्वे डेमरेज लावते. म्हणून गाडी रात्री दोनला लागली तरी टोळी उठे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपली ५० किलोंची गोणी तीत बसते. पण ही मर्यादा एका खेपेची आहे. पाचशेव्या खेपेबद्दल ती काही सांगत नाही. घामात मिसळलेले सिमेंट कातडी भाजते, हेही गोणीच्या वजनात धरलेले नसते.

या माणसांचा मालक कोण, हा प्रश्न अनेक वर्षे लोंबकळत होता. काम व्यापाऱ्याचे, जागा रेल्वेची, मजुरी मुकादमाच्या हातून. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. अण्णासाहेब पाटील यांनी, तेही पाटण तालुक्यातलेच, या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. रेल्वे यार्ड आणि मालधक्के त्याच्या कक्षेत आले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा या लेव्हीतून. मालक कायम नसला तरी हक्क कायम राहील, अशी ही रचना होती.

१९८२ची पहिली तिमाही मी पुन्हा पुन्हा वाचतो. जानेवारीत सिमेंटवाटपाच्या प्रकरणावरून मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. फेब्रुवारीत केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले. मार्चमध्ये अण्णासाहेब गेले. सिमेंट कोणाला मिळाले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. ते कोणी उतरवले, याची कोणाला उत्सुकता नव्हती.

पुढे गोणीच बाजूला पडू लागली. कळंबोलीला देशातले पहिले सुट्या सिमेंटचे टर्मिनल उभे राहिले. कर्नाटकातल्या वाडीहून खास वाघिणींतून सिमेंट तिथल्या सायडिंगवर येते आणि सायलोत साठते. हवा सोडली की ही भुकटी पाण्यासारखी वाहते, नळीतून वर चढते. सायलो दोन, प्रत्येकी ५,००० टनांचे. दोन्ही मिळून दोन लाख गोण्या होतात, आणि त्यातली एकही डोक्यावर घ्यावी लागत नाही.

याचे मला दुःख नाही. आजोबांची मान शेवटची काही वर्षे वळत नव्हती. नातवाने तेच ओझे उचलावे असे त्यांना कधी वाटले नाही. पण कायद्याने हक्क बांधले होते ते माथ्यावरच्या ओझ्याशी. ओझे नळीत गेले तिथे लेव्हीही थांबली, आणि ओझ्यातून सुटलेल्या माणसाचे पुढे काय, याची तरतूद त्या रचनेत नव्हती. गोण्यांच्या गाड्या आजही मालधक्क्यांवर लागतात. तिथे टोळ्या आहेत, पण आपला नंबर मुलाला द्यावा असे आता थोड्यांनाच वाटते.

म्हणून एक मागणे. मंडळांच्या टोळीनिहाय मजुरीच्या वह्या आणि हजेरीपत्रके जिथे उरली असतील तिथे रद्दीत जाऊ देऊ नयेत. ती दफ्तरे या शहराच्या बांधकामाचीही आहेत. माझ्याकडे एक क्रमांक आहे. त्या टोळीतल्या बाकीच्यांची नावे मला हवी आहेत.