स्वभाव की आजार? तीन निदानांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण स्किझोफ्रेनियाविषयी बोललो. आज त्याच्या शेजारच्या घरात डोकावू. तिथं तीन माणसं राहतात. एक सतत संशय घेणारा, दुसरा कुणाशीच घरोबा न ठेवणारा, आणि तिसरा असा की ज्याचं बोलणं आणि समजुती चारचौघांना विचित्र वाटतात. यांनाच पॅरॅनॉइड, स्किझॉइड आणि स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात. हे लोक आजारी आहेत की त्यांचा स्वभावच तसा आहे? उपचारांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवात झ्युरिकपासून करू. ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला. रुग्णांच्या नातेवाइकांमध्येही त्या आजाराच्या फिकट खुणा दिसतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ‘स्किझॉइड’ हा शब्दही त्यांच्याच वर्तुळातला. पुढे 1921 मध्ये जर्मन डॉक्टर अर्न्स्ट क्रेचमर यांनी एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. बाहेरून थंड दिसणारा हा माणूस आतून फार हळवाही असू शकतो. म्हणजे वर्णन झालं, पण उपचार? त्या काळी जवळजवळ काहीच नव्हता.

उपचाराची वाट आधी संवादातून निघाली. एडिंबरोचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी 1940 च्या सुमारास असं सुचवलं, की स्किझॉइड माणसाला प्रेम नको असतं असं नाही. आपल्या प्रेमानंच समोरच्याचा नाश होईल, अशी त्याला खोलवर भीती असते. बघा, यामुळे डॉक्टरचं काम बदललं. त्याला ओढून चारचौघांत आणणं हे काम राहिलं नाही. त्याला सोसवेल एवढंच अंतर ठेवून सोबत राहणं, हे काम झालं.

मग 1952 साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन मनोरुग्णांना दिलं आणि औषधांचं युग सुरू झालं. पण ते औषध होतं तीव्र आजारासाठी. सौम्य रूपाला ते का द्यावं? याला आधार मिळाला डेन्मार्कमधून. केटी, रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगन परिसरातल्या 5,483 दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या. स्किझोफ्रेनिया झालेल्या दत्तकांच्या रक्ताच्या नात्यात या आजाराची सौम्य रूपं जास्त आढळली, दत्तक घेणाऱ्या घरात तशी नाही. याच पुराव्याच्या बळावर 1980 च्या अमेरिकन निदानसूचीत, म्हणजे डीएसएम-तीनमध्ये, ‘स्किझोटायपल’ हे नाव दाखल झालं. नातं सिद्ध झालं तसा औषधाचा तर्कही आला. 2003 मध्ये 25 रुग्णांवर रिस्पेरिडोनच्या अल्प मात्रेची नऊ आठवडे चाचणी झाली. लक्षणं काहीशी कमी झाली. चाचणी छोटी होती, हे मात्र विसरायचं नाही.

आता या इतिहासाची काळी बाजू. सोव्हिएत रशियात स्नेझ्नेव्स्की यांच्या संप्रदायानं ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ ही कल्पना रुजवली. ठळक लक्षणं नसली तरी निदान करता येई. 1968 च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाचा लाल चौकात निषेध करणाऱ्यांत कवयित्री नताल्या गोर्बानेव्स्काया होत्या. पुढे हेच निदान लावून त्यांना कझानच्या विशेष मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. सरकार आपल्या पाठीमागे लागलंय असं त्यांना वाटत असेल, तर तो भ्रम नव्हता, ती वस्तुस्थिती होती! या गैरवापरावरून जगभरातून टीका झाली आणि 1983 मध्ये सोव्हिएत मानसोपचारतज्ज्ञांची संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली. निदानाची सीमा सैल केली की काय होतं, हे यातून कळतं.

आज आपण कुठे आहोत? व्यक्तिमत्त्व विकारांसाठी म्हणून खास मंजुरी मिळालेलं एकही औषध अमेरिकेत नाही. औषधं दिली जातात ती चिंता, नैराश्य किंवा भ्रमसदृश विचार यांसारख्या लक्षणांसाठी. मुख्य भर मानसोपचारावरच आहे. आरन बेक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या ग्रंथात संशयी रुग्णाबाबत सांगितलं, की त्याच्या संशयावर थेट वाद घालू नका. अडचणींना आपण तोंड देऊ शकतो, हा विश्वास आधी त्याच्यात वाढवा. आत बळ आलं की पहारा आपोआप थोडा सैल होतो. नामावळीही बदलते आहे. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-अकरामध्ये पॅरॅनॉइड आणि स्किझॉइड ही स्वतंत्र नावं उरली नाहीत, आणि स्किझोटायपल स्किझोफ्रेनियाच्या गटात आहे.

म्हणजे शेजारच्या घरातला एक भाडेकरू मूळ घरात गेला, दोघांची पाटी उतरली. माणसं मात्र आहेत तिथेच आहेत. यातले बरेच जण स्वतःहून दवाखान्यात येत नाहीत. घरचे आणतात, किंवा नैराश्य आणतं. उपचार विश्वासावर चालतो, आणि यांना नेमकी विश्वासाचीच अडचण. म्हणून आपल्या घरात असं कुणी असेल, तर नाव ठेवण्याआधी एवढं विचारू या: त्रास त्याला होतोय, की फक्त आपल्याला? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.